बायपासची जोड: आधी हाताने शिवायला शिका, कनेक्टरचं त्यानंतर

कार्डियाक सर्जरीला नवीन आलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, की सर, सेव्हन-ओ प्रोलिन, म्हणजे अतिशय बारीक धागा, घेऊन दीड मिलिमीटरच्या कोरोनरीवर, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीवर, दहा-बारा टाके घालत बसायचं कशाला, स्टेपलरसारखं काहीतरी लावून एका झटक्यात जोड होत असेल तर तेच का नाही वापरायचं. प्रश्न चांगला आहे आणि त्याला "आमच्या वेळी असंच होतं" हे उत्तर देऊन चालणार नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. हाताने जोड कशी शिकायची, सराव कशावर करायचा, कनेक्टर, म्हणजे टाक्यांऐवजी जोड करणारं तयार उपकरण, हातात आला तर तो कुठे वापरायचा आणि कुठे अजिबात नाही. माझं मत आत्ताच सांगून टाकतो: कनेक्टर हे एका ठराविक अडचणीवरचं उत्तर आहे, आणि ज्याला हाताने चांगली जोड येते त्यालाच तो नीट वापरता येतो, कारण कनेक्टर फसला की शेवटी सुईच घ्यावी लागते आणि तेव्हा हात तयार नसेल तर पेशंट टेबलवर असतो.

आधी थोडा इतिहास, कारण बऱ्याच जणांना वाटतं की टाके जुने आणि मशीन नवीन. तसं नाहीये. एर्विन पायर नावाच्या सर्जनने १९०० साली मॅग्नेशियमच्या रिंगा वापरून रक्तवाहिन्या जोडल्या होत्या. अ‍ॅलेक्सिस कॅरेलने तीन कोपरे धरून शिवायची पद्धत १९०२ मध्ये मांडली, म्हणजे रिंगेनंतर. हा कॅरेल फ्रान्समधल्या लिऑनचा, बारीक सुई कशी चालवायची हे तो तिथल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडून शिकला आणि १९१२ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. पुढे २ मे १९६० ला न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गोएट्झने माणसावर जी कोरोनरी बायपास केली ती चक्क टाक्यांशिवाय होती, टँटलमची रिंग घालून उजवी इंटर्नल मॅमरी, म्हणजे छातीच्या आतल्या बाजूची रक्तवाहिनी, उजव्या कोरोनरीला जोडली, जोडायला लागले १७ सेकंद. पेशंट साधारण वर्षभर जगला, पण बरोबरच्या फिजिशियन लोकांनी इतका विरोध केला की गोएट्झने ते ऑपरेशन परत केलं नाही. मग २५ फेब्रुवारी १९६४ ला लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव्हने डावी मॅमरी कोरोनरीला हाताने शिवली, आणि त्याच कोलेसोव्हने १९६७ मध्ये स्टेपलर वापरूनही जोड करून बघितली. त्याच वर्षी मे महिन्यात क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये रेने फावालोरोने पायाची व्हेन वापरायला सुरुवात केली, तीही हाताने शिवून, आणि जगभर पसरली ती हीच पद्धत. म्हणजे दोन्ही रस्ते सव्वाशे वर्षं शेजारी शेजारी चाललेत आणि माणसांनी दोन्ही करून बघितलेत.

आता कामाचं.

सराव कशावर करायचा

महागडा सिम्युलेटर नसला तरी काही अडत नाही. पहिले काही आठवडे ग्लोव्हजची बोटं कापून एकमेकांना शिवा, साधा कास्ट्रोव्हिएजो, म्हणजे बारीक सुई पकडायचं हत्यार, धरायला शिका, मनगट फिरवून सुई तिच्याच गोलाईने बाहेर आली पाहिजे, ढकलून नाही. हे जमलं की मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं हृदय आणा, आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर एओर्टा, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, थोडी लांब ठेवून देतात. डुकराचं मिळालं तर आणखी चांगलं, त्याच्या कोरोनरी आपल्या मापाच्या जवळ जातात. ग्राफ्ट, म्हणजे कोरोनरीला जोडायची रक्तवाहिनी, म्हणून त्याच जनावराची एखादी व्हेन किंवा बारीक आर्टरी चालते. हृदय ट्रेमध्ये सपाट ठेवून शिवू नका, खोल डब्यात ठेवा म्हणजे हात आत घालून काम करायची सवय लागेल. लूप्स, म्हणजे भिंगाचा चष्मा, पहिल्या दिवसापासून लावा, अडीच किंवा साडेतीन पटीचे, नंतर लावू म्हणणारे नंतर मानेने त्रासतात. आणि मोबाईल वर टांगून रेकॉर्डिंग करा, आपला हात कुठे अडखळतो हे आपल्याला शिवताना कळत नाही, व्हिडिओत लगेच दिसतं.

जोड झाली की सिरिंजने रंगीत पाणी सोडून लीक बघतात सगळे, पण खरी परीक्षा त्यानंतर आहे. कोरोनरी मागच्या बाजूने उभी कापा आणि जोड आतून बघा. टाका मागच्या भिंतीत गेलाय का, टोकाला तोंड आवळलंय का, इंटिमाची, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची, घडी आत लोंबतेय का, हे बाहेरून सुंदर दिसणाऱ्या जोडीतही सापडतं. आतून बघायची सवय जो लावून घेतो तो सहा महिन्यांत पुढे जातो, बाकीचे नुसते फास्ट होतात.

डिस्टल जोड (ग्राफ्ट कोरोनरीला जोडायची), हाताने

जागा निवडणं हे निम्मं काम आहे आणि ते आदल्या रात्री अँजिओ बघताना होतं. ब्लॉकच्या पुढची, मऊ, सरळ जागा हवी, ऑपरेशन थिएटरमध्ये बोटाने चाचपून बघायची, कडक लागली तर थोडं पुढे सरका. आपल्याकडे डायबिटीसवाले पेशंट खूप, त्यांच्या कोरोनरी बारीक आणि लांबच लांब खराब असतात, त्यामुळे "चांगली जागा" कधी कधी सगळ्यात कमी वाईट जागा असते, आणि हे लक्षात ठेवा कारण पुढे कनेक्टरच्या मुद्द्यात याला महत्त्व आहे.

वरचं आवरण बाजूला करून बारीक ब्लेडने मधोमध छोटा छेद, मागची भिंत वाचवायची, मग पॉट्स कात्रीने पुढे आणि मागे वाढवून साधारण ५ मिलिमीटर. छेद मध्यरेषेवरून एका बाजूला गेला तर जोड कायम तिरकी बसते, तेव्हा घाई इथे करू नका. ग्राफ्टचं टोक तिरकं कापा आणि टाचेला, म्हणजे मागच्या कोपऱ्याला, छोटी खाच द्या म्हणजे ते नागाच्या फण्यासारखं उघडतं, त्याचं तोंड कोरोनरीच्या छेदापेक्षा किंचित मोठं असलं पाहिजे. लहान राहिलं तर सगळी जोड ताणली जाते आणि मग कितीही छान टाके घाला, उपयोग नाही.

टाके टाचेपासून सुरू करायचे. ग्राफ्टमध्ये बाहेरून आत, कोरोनरीत आतून बाहेर. हा नियम पाठ करायचा नाही, समजून घ्यायचा: कोरोनरीच्या आतल्या भिंतीवर चरबीचा थर आहे, सुई बाहेरून आत घातली तर तो थर आत ढकलला जाऊन सुटतो आणि त्याचा पडदा होऊन रस्ता बंद होतो, आतून बाहेर आलं की सुई त्याला भिंतीला चिकटवून येते. ग्राफ्ट वर धरून टाचेभोवती पाच-सहा फेरे सैल घालायचे आणि मग धागा दोन्ही टोकांनी सावकाश ओढत ग्राफ्ट खाली उतरवायचा, याला पॅराशूट म्हणतात. धागा सरळ रेषेत ओढा, कडेवर घासत ओढला तर करवतीसारखा कापतो. दुसरं टोक रबर लावलेल्या मॉस्किटोवर, म्हणजे छोट्या चिमट्यावर, लटकवून ठेवा, प्रोलिनला नुसत्या धातूच्या चिमट्यात कधीच धरू नका, दाबलेल्या जागी ते कमजोर होतं आणि पेशंट वॉर्डात गेल्यावर तुटतं. तसंच फोरसेप्सने इंटिमा पकडायची नाही, धरायचं असेल तर बाहेरचं आवरण धरा, नाहीतर नुसतं उघडून धरा.

मग एका बाजूने टोकाकडे. टोक म्हणजे पुढचं तोंड, जिथून रक्त पुढे जाणार, आणि बायपासच्या जोडी इथेच बिघडतात. टोकाचे तीन टाके जवळजवळ, छोटे, आणि प्रत्येकाची दिशा पंख्याच्या काड्यांसारखी बाहेर पसरत जाणारी. खोल किंवा रुंद टाका घेतला की तोंड आवळलं. टोक ओलांडल्यावर, शेवटचे दोन-तीन टाके राहिले असताना, १ किंवा दीड मिलिमीटरचा प्रोब पुढे आणि मागे घालून बघा, अलगद गेला पाहिजे, जोर लावायचा नाही. गाठ मारायच्या आधी ग्राफ्टमधून थोडं रक्त सोडून हवा काढा, आणि ग्राफ्ट भरलेला असतानाच गाठ मारा. रिकाम्या ग्राफ्टवर जोरात गाठ मारली तर सगळी शिवण थैलीच्या नाडीसारखी आवळते, हे टाळायचं. प्रोलिन निसरडं असतं, सहा-सात फेऱ्यांच्या खाली थांबू नका.

असिस्ट करणाऱ्याचं काम कुणी शिकवत नाही. धागा फॉलो करणारा माणूस जर टाकाटाक्याला वेगवेगळ्या ताणाने धरत असेल तर सर्जन कितीही चांगला असो, शिवण एकीकडे सैल आणि एकीकडे घट्ट होते. धडधडत्या हृदयावर, म्हणजे ऑफ-पंप, जे आपल्याकडे भरपूर होतं, तिथे तर स्टॅबिलायझर (जोडीची जागा स्थिर धरणारं साधन), ब्लोअर (हवा मारून रक्त बाजूला करणारं) आणि फॉलो करणारा या तिघांवरच सगळं चालतं. ब्लोअर जवळून जोरात मारू नका, इंटिमा उचलली जाते.

जोड झाली, छान दिसतेय, म्हणून पुढे जाऊ नका. फ्लो मीटर लावा. साधारण २० मिली प्रति मिनिटाच्या वर फ्लो आणि पीआय (पल्सेटिलिटी इंडेक्स, पुढे अडथळा किती हे सुचवणारा आकडा) ५ च्या खाली, डाव्या बाजूला ३ च्या खाली असेल तर जास्त बरं. आकडा वाईट आला तर आधी प्रेशर बघा, ग्राफ्ट पिळलाय का बघा, आणि तरीही वाईटच असेल तर जोड उघडा. इथे कमीपणा वाटून घेणाऱ्याचा पेशंट रात्री आयसीयूत ईसीजी बदलून दाखवतो.

सवयीच्या हाताला एक डिस्टल जोड दहा मिनिटांच्या आत होते. म्हणजे मशीनने वाचवायला वेळ तसा फार शिल्लकच नाही, कनेक्टरचा विचार करताना हे पहिलं डोक्यात ठेवा.

मग कनेक्टर कशासाठी

खरं कारण एओर्टा आहे. व्हेन एओर्टाला जोडताना, म्हणजे प्रॉक्झिमल जोडीत, आपण बाजूने क्लॅम्प लावतो, प्रेशर ९०-१०० वर आणून, पंचने ४ मिलिमीटरचं भोक पाडून फाइव्ह-ओ किंवा सिक्स-ओने शिवतो. एओर्टा आतून खराब असेल तर त्या क्लॅम्पने कचरा सुटून मेंदूत जाऊ शकतो, पॅरालिसिसचा अटॅक येऊ शकतो. क्लॅम्पशिवाय प्रॉक्झिमल जोड करता आली तर हा धोका कमी होईल, ही कल्पना अगदी योग्य होती.

त्यातून २००१ मध्ये अमेरिकेत सेंट ज्यूडचा सिमेट्री नावाचा कनेक्टर बाजारात आला. निटिनॉल, म्हणजे निकेल-टायटॅनियमची तार, जी सोडल्यावर आपोआप ठरलेल्या आकारात येते, त्याची चांदणीसारखी रचना, भोक पाडा, घाला, सोडा, झालं. लोक खूश झाले. पण मग काही महिन्यांनी छातीत दुखतं म्हणून पेशंट परत यायला लागले आणि अँजिओत ग्राफ्ट बरोबर कनेक्टरच्या तोंडाशी आवळलेले किंवा बंद सापडायला लागले. २००४ मध्ये तो बाजारातून गेला.

का फसला ते प्रत्येक रेसिडेंटने समजून घ्यावं, कारण त्यात सगळा धडा आहे. एक, व्हेन डिव्हाइसवर चढवताना आतून घासली जायची, म्हणजे इंटिमा दुखावली. दोन, धातू थेट रक्ताच्या प्रवाहात उघडा राहायचा, आणि जिथे नैसर्गिक अस्तर नाही तिथे आधी गुठळी आणि मग जाड थर धरतो, म्हणून तर अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल देत होते. तीन, ग्राफ्ट एओर्टातून नव्वद अंशात सरळ उभा निघायचा आणि छाती बंद केली की मुरडायचा, हाताने शिवताना आपण भोक आणि तिरकेपणा ग्राफ्टच्या दिशेप्रमाणे बदलतो, तारेला ते कळत नाही. म्हणजे इंटिमा, जोडीचं तोंड (जिथे धातू उघडा राहिला) आणि कोन. हाताने शिकताना ज्या तीन गोष्टींसाठी आम्ही तुमच्या मागे लागतो त्याच तीन गोष्टींवर मशीन पडलं.

पुढच्या पिढीने यातून शिकून सुधारणा केल्या. कार्डिका कंपनीचा पास-पोर्ट हा प्रॉक्झिमल कनेक्टर, अमेरिकेत २००८ ला मंजूर झाला. त्याची चाचणी मला आवडते कारण तुलना प्रामाणिक होती, २२० पेशंट, एकाच पेशंटमध्ये एक व्हेन कनेक्टरने आणि एक हाताने, आणि ९ महिन्यांनी बघितलं तर दोन्हीकडे उघडे ग्राफ्ट ८२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चांगला कनेक्टर हाताइतका टिकू शकतो. हे मान्य करायलाच पाहिजे, हात श्रेष्ठ म्हणून नुसतं ओरडण्यात अर्थ नाही. पण हाताइतका म्हणजे हाताहून जास्त नाही, हेही त्याच आकड्यात आहे. त्याच कंपनीचा सी-पोर्ट डिस्टल जोडीसाठी, बारीक स्टीलच्या क्लिपा मारणारा, आणि रोबोटिक बायपासमध्ये हुसाम बाल्खी यांच्यासारख्या अमेरिकेतल्या सर्जननी तो मनापासून वापरला, कारण छाती न उघडता बोटभर भोकातून सेव्हन-ओ चालवणं खरोखर अवघड आहे. तिथे त्याची जागा रास्त होती. मात्र कंपनी पुढे नाव बदलून २०१७ च्या शेवटी दिवाळखोरीत गेली. तुमचं सगळं तंत्र एका डिव्हाइसवर उभं असेल आणि तो डिव्हाइस मिळायचाच बंद झाला तर काय करणार, हा विचार करा.

कनेक्टर समोर आला तर

आधी स्वतःला विचारा की मी हा का वापरतोय. वेळ वाचवायला, हे कारण नाही. एओर्टा खराब आहे, हे कारण होऊ शकतं, पण ते अंदाजाने नको, एपिएओर्टिक अल्ट्रासाउंड, म्हणजे एओर्टावरच प्रोब ठेवून सोनोग्राफी, करून बघा, बोटाला मऊ लागणारी एओर्टा आतून भयंकर असू शकते. आणि एओर्टा सगळीकडूनच अंड्याच्या कवचासारखी कडक असेल तर कनेक्टरही नको, कारण भोक तोही पाडतोच. तिथे एओर्टाला हात न लावता दोन्ही मॅमरी घ्या, दुसरा ग्राफ्ट डाव्या मॅमरीवर इंग्रजी वाय किंवा टी च्या आकारात बसवा, आणि ही जोड फक्त हातानेच होते. मधल्या परिस्थितीत, म्हणजे थोडी खराब पण एखादी चांगली जागा आहे, तिथे कनेक्टर किंवा हार्टस्ट्रिंगसारखं आतून भोक झाकणारं सील, ज्यावर तुम्ही क्लॅम्प न लावता हातानेच शिवता आणि शेवटी ते ओढून काढता. मला विचाराल तर हे दुसरं जास्त पटतं, क्लॅम्पही टळतो आणि आत धातूही राहत नाही.

व्हेनचं माप डिव्हाइसच्या सूचनेत दिलेलं असतं, ते मोजून बघा, नजरेने नाही. जाड भिंतीची, गाठी असलेली व्हेन कनेक्टरवर चढवूच नका. पास-पोर्टसारख्या डिव्हाइसमध्ये प्रॉक्झिमल जोड आधी करावी लागते, कारण व्हेनचं दुसरं टोक मोकळं लागतं, त्यामुळे तुमचा नेहमीचा क्रम उलटा होतो आणि ग्राफ्टची लांबी भरलेल्या हृदयावर आधीच ठरवावी लागते. लांबी चुकली की मुरड, आणि कोन नंतर बदलता येत नाही. कंपनीचा माणूस डेमोला आला तर त्याच्याकडून बकऱ्याच्या किंवा डुकराच्या एओर्टावर करून घ्या, मग आतून कापून बघा, ग्राफ्ट हलवून पाणी सोडा, कुठे मुरडतो बघा. आणि सिस्टरना आधी सांगून ठेवा की साइड क्लॅम्प, पंच आणि सिक्स-ओ टेबलवर तयार पाहिजे, लीक झाला तर एखादा टाका घालून थांबेल, नाही थांबला तर डिव्हाइस काढून हाताने करायचं, आणि ते ठरवायला दोन मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नका.

डिस्टल कनेक्टरबद्दल माझं मत जरा कडक आहे. वर म्हटलं तशा आपल्या पेशंटच्या बारीक, लांबवर खराब कोरोनरीत मशीनची मान आत जायलाच जागा नसते, आणि कडक थरावर क्लिप बसत नाही. हात तिथे दर टाक्याला निर्णय बदलू शकतो, इथे जवळ, तिथे लांब, इथे थर सोडून. मॅमरी एलएडीला, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मुख्य कोरोनरीला, जोडणं हा तर सगळ्या बायपासचा कणा, हे ग्राफ्ट दहा वर्षांनीही ९० टक्क्यांच्या आसपास उघडे असतात, आणि ते हाताने शिवलेले असतात. त्याला मी कनेक्टर लावणार नाही.

खर्चाचंही बोललं पाहिजे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बायपास ठरलेल्या पॅकेजमध्ये होते, त्यात प्रत्येक जोडीला एक डिव्हाइस बसत नाही, आणि सिव्हिलला किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलला येणारा पेशंट तुमच्या हाताच्या भरवशावर येतो. तो हात चांगला असणं हे त्याचं देणं आहे तुमच्यावर.

शेवटी ऑपरेशन नोट. "थ्री ग्राफ्ट्स डन" असं लिहून सोडू नका. कुठल्या कोरोनरीला काय जोडलं, कोरोनरीचं माप, भिंत कशी होती, कुठला धागा, प्रत्येक ग्राफ्टचा फ्लो आणि पीआय, सगळं लिहा. कनेक्टर लावला असेल तर त्याचं नाव, नंबर आणि जागा नोटमध्ये आणि डिस्चार्ज कार्डवरही, मराठीत समजावून, कारण पाच वर्षांनी तोच माणूस गुडघ्याचा एमआरआय काढायला जाईल आणि तिथला टेक्निशियन विचारेल छातीत काय धातू आहे, किंवा अँजिओ करणारा कार्डिऑलॉजिस्ट ग्राफ्टचं तोंड शोधत बसेल, तेव्हा ते कार्ड लागतं.